न्यू इंग्लंड किचन, बोस्टन: हिशेब चोख, गिऱ्हाईक भलतंच

बोस्टनमधल्या, आज अस्तित्वात नसलेल्या एका खानावळीचा रिव्ह्यू लातूर-बीडच्या वाचकाने कशाला वाचायचा? मराठवाड्यात जो कुणी शिवभोजन केंद्र चालवतो, शाळेची खिचडी शिजवतो, वसतिगृहाच्या मेसचं टेंडर भरतो किंवा ऊसतोड कामगारांसाठी कारखान्याच्या तळावर स्वयंपाकघर काढायचं म्हणतो, त्याला पुढे जे भोगावं लागतं ते बहुतेक सगळं १८९० साली या एका दुकानात होऊन गेलंय. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पुरोगामी समाजसुधारकांना काय साधायचं होतं आणि त्यांचं कुठे फसलं, हे त्यांची भाषणं वाचून जेवढं कळत नाही तेवढं या खानावळीच्या मेनूवरून कळतं. म्हणून हा रिव्ह्यू खानावळीचाच आहे. जागा, जेवण, सर्व्हिस, गिऱ्हाईक आणि शिकागोची शाखा.

जागा आणि मालक

न्यू इंग्लंड किचन जानेवारी १८९० मध्ये बोस्टनच्या प्लेझंट स्ट्रीटवर उघडलं. चालवणाऱ्या दोघी. एलन स्वॅलो रिचर्ड्स या एमआयटीची, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेची, पदवी घेणाऱ्या पहिल्या बाई (१८७३). पुढे त्या तिथेच पाणी, हवा आणि अन्न तपासण्याचं रसायनशास्त्र शिकवत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याची मोठी तपासणी त्यांच्या प्रयोगशाळेतून झाली होती. दुसऱ्या मेरी हिनमन एबल. जर्मनीत गरिबांसाठी चालणारी सार्वजनिक स्वयंपाकघरं त्यांच्या माहितीची होती. पैसा पॉलीन अगासी शॉ यांचा, म्हणजे बोस्टनमध्ये स्वतःच्या खर्चाने बालवाड्या चालवणाऱ्या धनिक बाईंचा. (पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला पैसा पुरवणारी रमाबाई असोसिएशन १८८७ मध्ये याच शहरात स्थापन झाली होती. दूरच्या बायकांचं भलं व्हावं म्हणून हात सैल सोडणारी माणसं बोस्टनमध्ये बरीच होती. शेजारच्या गल्लीतल्या बाईशी बोलणं त्यांना जास्त अवघड जायचं.)

चौथे भागीदार एडवर्ड अ‍ॅटकिन्सन. गिरण्यांच्या आगविम्याच्या धंद्यातले आणि आकडेमोडीचे शौकीन. त्यांचं गणित असं: मजुराच्या कमाईतला निम्म्याच्या आसपास पैसा खाण्यावर जातो. तो महागाचं मांस आणतो, बायको ते भडक आचेवर करपवते आणि अर्धा कोळसा धुराड्यातून उडून जातो. त्याऐवजी नडगी, मान असले स्वस्त भाग मंद आचेवर तासनतास शिजवले, तर पोषण तेवढंच मिळतं आणि पैसे वाचतात. थोडक्यात, पगार न वाढवता मजुराचं घर सुधारायचं. हे ऐकून कामगार पुढाऱ्यांचे कान टवकारले. मजूर स्वस्तात जगायला शिकला की मालक म्हणणार, मग एवढ्या पगाराची गरजच काय? ही शंका काही खुळचट नव्हती.

जेवण

मेनू आखूड होता, तो मुद्दाम आखूड ठेवलेला. बीफचं सूप, वाटाण्याचं सूप, भाज्यांचं सूप, मासे-बटाट्याचं दाट सूप, बीफचा स्ट्यू, ओट्सची आणि मक्याची लापशी, दडपून थंड केलेलं बीफ, मक्याच्या पिठाचं आणि तांदळाचं पुडिंग. सगळी न्यू इंग्लंडची, म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या गोऱ्या प्रोटेस्टंट घरातली चव. मसाला बेताचा, लसूण नाही, तळणं नाही, परतणं नाही.

सगळ्यात जास्त मेहनत बीफच्या सुपावर घेतली गेली. मंगळवारी घेतलेलं सूप आणि शनिवारी घेतलेलं सूप यांत चव, दाटपणा आणि पोषण सारखंच हवं, अशी रिचर्ड्सबाईंची अट. ती पुरी होईपर्यंत नमुने परत परत प्रयोगशाळेत गेले. आजारी माणसाला डॉक्टरने सूप सांगितलं, तर पेल्यातून नेमकं किती पोषण गेलं हे डॉक्टरला कळावं, एवढा नेमकेपणा हवा होता. ही या खानावळीची खरी कमाई. खानावळीतलं अन्न औषधासारखं ठरल्या मापाचं असावं, ही कल्पना तेव्हा नवी होती आणि सूप तिथे खरोखर तसं मिळालं. बोस्टनच्या डॉक्टरांनी ते मनापासून वापरलं.

शिजवायला अल्लादिन ओव्हन, हा अ‍ॅटकिन्सन यांचा शोध. बाहेरून उष्णता अडवणारी जाड पेटी, आत पत्र्याचा कप्पा, खाली साधा रॉकेलचा दिवा. सकाळी भांडं आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि विसरायचं. तेल कमी लागतं, करपत नाही, ढवळायला माणूस लागत नाही. नडगीचं मांस अशा आचेवर मऊसूत होतं, कारण त्यातला चिवट भाग विरघळायला उष्णता जास्त नाही, वेळ जास्त लागतो.

आता त्यातली खोट. दिव्याच्या आचेवर काहीही खरपूस होत नाही. मांसाला, भाकरीला, कांद्याला जो तांबूस रंग आणि वास येतो त्याला वरचढ उष्णता लागते आणि ती या पेटीत नव्हतीच. आपल्याकडच्या बाईला सांगून बघा की उद्यापासून फोडणी द्यायची नाही आणि भाकर फुगवायची नाही. दुसरी खोट जास्त महत्त्वाची. बोस्टनच्या जानेवारीत दोन खोल्यांच्या घराला ऊब देणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे चूल. अ‍ॅटकिन्सनना धुराड्यातून जाणारा कोळसा वाया जाताना दिसला, पण त्याच कोळशावर पोरं रात्री गारठत नव्हती, हे त्यांच्या वहीत आलंच नाही. उष्णता बाहेर न सोडणारी चूल ही त्या घरासाठी सोय नव्हती, अडचण होती.

सर्व्हिस

इथे मार्क द्यायलाच हवेत. बसून जेवायची सोय हा मूळ हेतू नव्हता. घरून भांडं आणायचं, मापाने घ्यायचं, घरी जाऊन खायचं. स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालायचा. येणाऱ्या बाईला सूप नेता नेता स्वच्छता आणि पद्धत दिसावी आणि तिने ती घरी न्यावी, हा त्यामागचा डाव. भीक वाटतोय असं वाटू नये म्हणून फुकट काही नव्हतं, दर मात्र बेताचे. आपल्याकडच्या किती केंद्रांत जेवणाऱ्याला आतलं पातेलं दिसतं?

पण काउंटरच्या अलीकडे कोण उभं आहे ते बघितलं की गोम कळते. जानेवारीच्या थंडीत भांडं घेऊन येणारी माणसं शिक्षक, विद्यार्थी, दुकानांतले कारकून, एकट्या राहणाऱ्या नोकरदार बायका आणि आजाऱ्यांचे नातेवाईक अशी होती. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, ती आयरिश, इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेली ज्यू मजुरांची घरं आलीच नाहीत असं नाही, पण टिकली नाहीत. कारणं शोधायला प्रयोगशाळा लागत नव्हती. कॅथलिक घरात शुक्रवारी मांस चालत नाही आणि इथला मुख्य पदार्थ बीफचं सूप. धर्म पाळणाऱ्या ज्यू घरात परक्याने कापलेलं मांस चालत नाही, मग सूप कितीही पौष्टिक असो. इटालियन घराला लसूण, तेल आणि शेवयांशिवाय ते जेवण वाटतच नाही. दुकान उघडण्याआधी गल्लीत चार घरी जाऊन बसलं असतं तरी हे कळलं असतं. त्याऐवजी मांसाच्या तुकड्यात नायट्रोजन किती (त्यावरून प्रथिनं काढतात), हे मोजण्यात वेळ गेला.

आकडे

मोजमापाचा आधार वेस्लियन विद्यापीठातले विल्बर अ‍ॅटवॉटर यांचा. अन्नातली उष्णता आणि प्रथिनं मोजण्याचं काम अमेरिकेत त्यांनी उभं केलं आणि ते मोठंच आहे. मध्यम कष्टाच्या पुरुषाला दिवसाला १२५ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं त्यांनी सांगितलं. हा आकडा आपल्या ताटात घालून बघू. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम आणि १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे एका माणसाने रोज ६०० ग्रॅम ज्वारी आणि जवळजवळ ३०० ग्रॅम तूरडाळ खायची. पाव किलोच्या वर डाळ, एकट्याने, रोज! आज भारतात ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी शिफारस ५४ ग्रॅमची आहे. येलच्या रसेल चिटेंडन यांनी सैनिकांवर आणि खेळाडूंवर प्रयोग करून, १२५ च्या निम्म्यात भागतं असं १९०४ मध्येच दाखवलं होतं.

याहून मोठी चूक मोजलेल्या आकड्यात नव्हती. जे मोजताच येत नव्हतं त्यात होती. जीवनसत्त्वं तेव्हा ठाऊक नव्हती, व्हिटॅमिन या कल्पनेला नाव मिळालं ते १९१२ मध्ये. तोवर पालेभाजी, टोमॅटो, फळं यांचा हिशेब एकच: बहुतेक पाणी, उष्मांक कमी, दर जास्त, म्हणजे चैन. इटालियन बाई पगारातले पैसे हिरव्या भाजीवर घालते म्हणून तिला शिकवायला निघालेले तज्ज्ञ चुकीचे होते आणि ती बरोबर होती. विज्ञान खोटं नव्हतं, अर्धं होतं. पण ते पुरं असल्याच्या थाटात सांगितलं गेलं.

१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात याच मंडळींनी रम्फर्ड किचन उभारलं. नाव काउंट रम्फर्ड यांचं, ज्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी म्युनिकमध्ये गरिबांसाठी सातू, वाटाणे, बटाटे आणि व्हिनेगरचं स्वस्त सूप बसवलं होतं. ३० सेंटला दुपारचं जेवण आणि सोबत कार्ड: या ताटात प्रथिनं इतकी, स्निग्ध इतकं, उष्मांक इतके. दोन महिन्यांत सुमारे १०,००० लोक जेवून गेले. आज पाकिटामागे छापतात तो पोषणाचा तक्ता या कार्डाच्या कुळातला. पण प्रदर्शन बघायला आलेल्या पाहुण्याला ३० सेंट म्हणजे काही नाही. साध्या मजुराला दिवसभराचे दीड डॉलरच्या आसपास मिळत, त्याने एका जेवणाला त्यातला पाचवा हिस्सा द्यायचा?

शिकागो शाखा: हल हाऊस

जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी सप्टेंबर १८८९ मध्ये शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर एका जुन्या बंगल्यात संसार थाटला, तेच हल हाऊस. शिकलेल्या, सुखवस्तू बायकांनी मजूर वस्तीत राहायला जायचं, शेजारी म्हणून. लंडनच्या टॉयनबी हॉल या अशाच संस्थेवरून घेतलेली ही कल्पना. बालवाडी, वाचनालय, सार्वजनिक न्हाणीघर, रात्रशाळा, कामगारांच्या बैठकांना जागा असं एकेक वाढत गेलं. (तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई इथले विश्वस्त होते. पुढे कोलंबियात ते बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढलं. हॉलस्टेड स्ट्रीट आपल्याला वाटतो तितका लांब नाही.)

स्वयंपाकघर काढण्याआधी इथे पाहणी तरी झाली. कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना घरी रांधायला वेळ नाही, पोरांच्या हातावर पैसे ठेवून दुकानातलं काहीबाही आणायला सांगतात, असं दिसलं. निदान बरोबर होतं, औषध मात्र बोस्टनहून मागवलं. एका सहकारी बाईला तिकडे शिकायला पाठवलं, तीच सुपं आणि तेच स्ट्यू इथे शिजू लागले. शेजारच्या कारखान्यांत थोडी विक्री झाली, काही घरांनी नेलं, पुढे गाडं अडलं. का अडलं ते अ‍ॅडम्सबाईंनीच नोंदवून ठेवलंय. शेजारची एक बाई म्हणाली, जेवण पौष्टिक आहे यात वाद नाही, पण मला पौष्टिक खायला आवडत नाही, मला जे आवडतं ते खायला आवडतं. स्वतःच्या फसलेल्या योजनेवरची ही शेरेबाजी जशीच्या तशी छापायला मोठं मन लागतं. सुधारकांतल्या फार थोड्यांकडे ते होतं.

गंमत पुढे आहे. त्याच इमारतीत कॉफी हाऊस होतं, त्यावर कुणी प्रबंध लिहिला नव्हता. ते चाललं. वस्तीत लग्न, सभा, नाच यांना जागा एकच, दारूच्या गुत्त्यामागचा हॉल. कॉफी हाऊसने दुसरी जागा दिली. एकाने आत येऊन चौफेर बघितलं आणि सांगितलं, बिअर मिळाली तर दिवसभर बसायला छान जागा आहे. बिअर काही मिळाली नाही, पण माणसं येत राहिली, कारण त्यांना सुपापेक्षा बसायला जागा हवी होती.

जेन क्लबला मात्र पूर्ण मार्क. बुटांच्या कारखान्यातल्या मुलींच्या संपाच्या वेळी एक गोष्ट पुढे आली: संप मोडतात त्या बहुतेक खोलीचं भाडं थकलेल्या मुली. मग आपली स्वतःचीच मेस आणि खोल्या असल्या तर? १८९१ मध्ये मुलींनी घर घेतलं. हल हाऊसने पहिल्या महिन्याचं भाडं आणि सामानसुमान दिलं, पुढचं सगळं मुलींच्या हाती. आठवड्याला तीन डॉलर वर्गणी, त्यात भाडं, जेवण, उजेड, शेगडी. मेनू, नियम, पदाधिकारी सगळं त्यांचं त्या ठरवत. वरून वॉर्डन नाही, प्रवचन नाही. काही वर्षांत सभासद पन्नासवर गेल्या. एकाच संस्थेच्या छत्राखाली दोन स्वयंपाकघरं. एकात तज्ज्ञांनी ठरवलं, दुसऱ्यात जेवणाऱ्यांनी. पहिलं आटलं, दुसरं वाढलं. पुरोगामी सुधारणांच्या यशापयशाचा याहून स्वच्छ प्रयोग शोधून सापडायचा नाही.

बाकी सेवा, धावत्या

कचरा: १८९५ मध्ये अ‍ॅडम्सबाई आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पगार वर्षाला १,००० डॉलर. पहाटे सहाला गाडीमागे चालायचं, ठेकेदाराने किती गाड्या लावल्या, किती फेऱ्या केल्या, कुठला कोपरा टाळला ते लिहायचं. उत्तम सेवा. मात्र त्याच वॉर्डातले नगरसेवक जॉनी पॉवर्स यांना पाडायचे हल हाऊसचे दोन्ही प्रयत्न वाया गेले. पॉवर्स नाताळला टर्की वाटत, मयताचा खर्च उचलत, पोराला नोकरी लावत. अडल्या घराला प्रामाणिक कारभाराच्या भाषणापेक्षा तिरडीचे पैसे आधी लागतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेच्या निवडणुकीत दिसतं.

दूध: नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी पाश्चराइझ केलेल्या, म्हणजे तापवून जंतू मारलेल्या, दुधाची केंद्रं काढली. बाळांना दूध हवंच होतं, आयांना ते आवडत होतंच, फक्त ते मारक नसावं एवढंच बदललं. पाचपैकी पाच.

मुलांचं न्यायालय: पहिलं १८९९ मध्ये, शिकागोच्या कुक काउंटीत. मुलांना मोठ्या गुन्हेगारांत डांबायचं नाही, हा हेतू अस्सल. पण न्यायाधीश वडिलांसारखा वागणार, मग वकील कशाला, ही गाठ सुटायला सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल यावा लागला. कारखाना कायदा: फ्लोरेन्स केली यांच्या खटपटीने इलिनॉयने १८९३ मध्ये बायकांना आठ तासांचा दिवस दिला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये तो काढून घेतला. दारूबंदी: देशभर १९२० ते १९३३, चोरटी दारू आणि टोळ्या यांची बरकत. शून्य. आणि जे बोलायला सुधारक कचरत ते: मिशा-दाढीचे इटालियन त्यांना सुधारण्याजोगे वाटले, काळ्या अमेरिकन माणसासाठी मात्र दार बहुधा बंदच. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन पुरोगामी म्हणून निवडून आले आणि त्यांच्याच काळात, १९१३ पासून, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवणं सुरू झालं. माणूस सुधारण्याच्या याच हौसेतून इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. याला मार्क नाहीत.

इथे कामाला काय येतं

न्यू इंग्लंड किचन शेवटी जगलं ते गरिबांच्या वस्तीत नाही, शाळेत. १८९४ पासून बोस्टनच्या हायस्कुलांचं दुपारचं खाणं त्यांच्याकडे आलं. त्याआधी शाळेचा शिपाईच खाऊ विकायचा. शाळेत गिऱ्हाईक ठरलेलं, वेळ ठरलेली, पदार्थ रोज बदलता येतो आणि पोराला दुसरीकडे जाता येत नाही. आज आपल्या शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं जे माप आहे ते अ‍ॅटवॉटर-रिचर्ड्स यांच्याच पद्धतीचं. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं गृहविज्ञान, आताचं सामुदायिक विज्ञान, हेसुद्धा त्यांनी रुजवलेल्या शाखेचं रोप. तेव्हा माप फेकून द्या असं इथे कुणी म्हणत नाही. माप पातेल्यात डाळ घालताना लागतं. डाळ कुठली आणि सोबत काय, हे जेवणाऱ्याला विचारायचं.

शिवभोजन थाळी २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण, असं राज्यभर एकच माप ठरलं. कोकणातही तेच, ज्वारीच्या मराठवाड्यातही तेच. भाकर नाही याला कारण आहे, नुसतं दुर्लक्ष नाही. चपाती तेलाने दोन-तीन तास मऊ राहते. भाकर एकेक थापावी लागते आणि तासाभरात वातड होते. उपाय आहेत. भाकऱ्या वाढायच्या वेळेआधी अर्ध्या तासात, दोन तव्यांवर, वस्तीतल्याच बायकांकडून. गरम भाकऱ्या उभ्या रचून वाफ जाऊ द्यायची, मग सुती कापडात गुंडाळून टोपलीत. गरम असताना स्टीलच्या डब्यात कोंबल्या की खालच्या चार ओल्या होऊन जातात. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, पण कुठले दोन ते खाणाऱ्यांनी सांगावं.

अल्लादिन पेटीतला चांगला भाग वरणाला लागू पडतो. ५० जणांना २ किलो तूरडाळ, तासभर भिजवून, ७ ते ८ लिटर पाण्यात. उकळी आल्यावर १५ मिनिटं खळखळून शिजवायची, घट्ट झाकण लावायचं आणि चारी बाजूंनी, खाली-वर, किमान १० सेंटिमीटर भुसा किंवा गोधड्या भरलेल्या खोक्यात ठेवायची. अडीच-तीन तासांत डाळ शिजते, गॅस वाचतो. फसतं कुठे ते लक्षात ठेवा. पातेलं अर्धं रिकामं असलं की उष्णता टिकत नाही. मधे झाकण उघडून बघितलं की संपलं. चिंच-टोमॅटो आधी घातला तर आंबटपणाने डाळ कडकच राहते. बोअरचं पाणी जड असेल तर तासन् तास ठेवूनही मिळून येत नाही, तिथे गोडं पाणी वापरायचं, सोडा नाही, कारण सोड्याने बी-१ जीवनसत्त्व जातं. आणि बाहेर काढल्यावर फोडणी देऊन परत उकळी आलीच पाहिजे. ६० अंशाखाली रेंगाळलेलं वरण दिसायला चांगलं असतं आणि दुपारपर्यंत पोट बिघडवतं. फोडणी मात्र वगळू नका, बोस्टनचं अर्धं दुकान तिथेच बुडालं.

ऊसतोड कामगारांच्या तळावर शिकागोची गोष्ट शब्दशः लागू आहे. कोयत्यावरची बाई अंधारात उठून भाकरी बडवते आणि फडात जाते, तिला आहारशास्त्राचे धडे नकोत, वेळ हवा आहे. तिथे केंद्र काढायचं तर पहाटे चारला सुरू व्हायला हवं, फडात नेता येईल असं कोरडं बांधून मिळायला हवं (भाकर, ठेचा, पिठलं, शेंगदाण्याची चटणी), आणि उचलीतून पैसे कापायचे की रोख, हे मुकादमाने नाही, बायकांनी ठरवायला हवं. सकाळी नऊला उघडणारं, गरम भात-वरण वाढणारं, फोटोसाठी स्वच्छ केंद्र रिकामंच राहील. दुष्काळात लोक काहीही खातात यावर जाऊ नका. १९७२ ला अमेरिकेतून आलेली लाल मिलो मराठवाड्याने खाल्ली, पण पाऊस पडल्यावर कुणी तिचं बी मागितलं नाही.

मार्क: न्यू इंग्लंड किचन, बोस्टन: स्वच्छता ५, मापाची शिस्त ५, चव २, गिऱ्हाइकाची ओळख १. हल हाऊसचं स्वयंपाकघर: २, कॉफी हाऊस ४, जेन क्लब ५.

बघायला जायचं तर बोस्टनमध्ये फारसं काही मिळणार नाही. शिकागोत साउथ हॉलस्टेड स्ट्रीटवर, इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात हल हाऊसचं संग्रहालय आहे. विद्यापीठासाठी १९६० च्या दशकात तिथल्या तेरापैकी बहुतेक इमारती पाडल्या, मूळ बंगला आणि सहकाऱ्यांचं जेवणघर एवढं उरलं आहे. पोरगा-सून तिकडे नोकरीला असतील तर अर्धा दिवस काढा, आणि जेवून जा.